रिळं ज्यांची त्यांना

बहारीनच्या मनामा शहरातल्या आमच्या ऑफिसात माझ्या खोलीला सगळे 'स्टोअर' म्हणायचे. मला त्याचा मनस्वी राग यायचा. शिपाई असो नाहीतर मॅनेजर, मी बोलणं मध्येच तोडून सांगायची, "स्टोअरमध्ये खोकी असतात. हे दफ्तर आहे." आधी हिंदीत, मग मोडक्यातोडक्या अरबीत. लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टोअरच म्हणायचे. दहा वर्षं मी हा वाद घातला आणि दहा वर्षं हरले. पण सोडला नाही.

ते दफ्तर कसं झालं, ते आधी सांगायला हवं.

पुण्यात मी एका जुन्या दफ्तरखान्यात नोकरीला होते. तिथे जुने कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत. रुमाल सोडायचा, कागद झटकायचे, वाचून यादी करायची, पुन्हा बांधायचा, हे माझं काम. नाकात सतत धूळ आणि पगार बेताचा, तरी मी तिथे खूश होते. आमचे तिथले साहेब शिस्तीचे आणि तोंडाचे फटकळ. एकदा गावातल्या एका संस्थेचं अनुदान बंद झालं आणि तिने सांभाळलेले लोकांचे कागद रद्दीत गेले. साहेब आठवडाभर वाण्यांच्या दुकानांतून हिंडले. पुड्या बांधायला ठेवलेले कागद मागून मागून परत आणले. हिंगाचा वास लागलेला एक कागद माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "हा कागद ज्या घराने विश्वासाने दिला, त्या घराला जाऊन आता काय सांगायचं?" मी तो कागद यादीत चढवला. पण ती गोष्ट माझ्या डोक्यातून कधी गेली नाही.

पुढे माझ्या नवऱ्याला बहारीनला नोकरी लागली. तो मरीन इंजिनिअर, मीना सलमान बंदरात एका व्यापारी घराण्याचं जहाजदुरुस्तीचं वर्कशॉप होतं, तिथे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी लेकीला काखोटीला मारून त्याच्यामागे गेले. त्या घराण्याचे मालक तेव्हा सत्तरीला टेकले होते. तिकडे आपले लोकही मालकाला 'अरबाब' म्हणतात. आम्हीही म्हणायचो, थोरले अरबाब.

एका ईदला वर्कशॉपातले सगळे त्यांना भेटायला गेले असताना माझ्या नवऱ्याने सहज सांगितलं की माझी बायको जुने कागद लावायचं काम करायची. दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. अरबाबांकडे त्यांच्या वडिलांच्या दोन पेट्या होत्या. वडील मोत्यांच्या धंद्यातले. बोटींची कागदपत्रं, बुडी मारणाऱ्यांच्या याद्या, मुंबईच्या व्यापाऱ्यांची गुजराती पत्रं, सगळं एकत्र कोंबलेलं. मी न विचारताच पदर खोचला आणि जमिनीवर बसून कागद वेगळे करायला लागले. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कागद तू सांभाळशील. पण ज्यांनी कागद लिहिलेच नाहीत, त्यांचं काय?"

त्यातून आवाज नोंदवायचं काम सुरू झालं. मोठा, जड, रिळांचा टेपरेकॉर्डर आला. म्हाताऱ्या पाणबुड्यांचे आवाज ऑफिसातला एक कारकून घेऊन आला. पण बायकांकडे जाणार कोण? पुरुषाला तर त्या बैठकीत पाऊल ठेवता येणार नव्हतं. म्हणून मी, आणि प्रश्न विचारायला शेजारच्या मुहर्रक गावच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका. ती विचारायची, मी यंत्र सांभाळायची. पहिल्या वर्षी मला दहातला एक शब्द कळायचा. तिसऱ्या वर्षी मी विनोदाला बरोबर जागेवर हसायला लागले.

त्या बायका नवऱ्यांची वाट बघत उन्हाळे काढलेल्या. मोत्यांच्या हंगामात गावातले सगळे कर्ते पुरुष चार-चार महिने समुद्रावर. मागे घर, पोरं, म्हातारे आणि विहिरीचं मचूळ पाणी. हंगाम लांबला की बायका किनाऱ्यावर जायच्या, खजुराची झावळी पेटवायच्या आणि जळती झावळी समुद्राच्या पाण्यात खुपसायच्या. समुद्राला चटका द्यायच्या. आता पुरे कर, आमची माणसं परत दे, असं त्याला खडसावून सांगायच्या. शिक्षिकेने मला हे पहिल्यांदा उलगडून सांगितलं तेव्हा यंत्राचं बटण बंद करायचं मी विसरले. समुद्राला असं दरडावणाऱ्या बायका मी आधी पाहिल्या नव्हत्या.

त्यांची अट एकच होती. आवाज फक्त बायकांनी ऐकायचा. परक्या पुरुषाच्या कानावर तो जाता कामा नये. शिक्षिकेने अरबीत तसा कागद केला. ऐकतील त्या बायकाच. दुसरी ओळ: माझ्या मरणानंतर काही विचारायचं असेल तर माझ्या मुलीला विचारा, आणि पुढे त्या मुलीचं नाव. तिसरी ओळ मी घालायला लावली: दफ्तर बंद झालं तर रीळ जिचं तिला परत. हिंगाचा वास माझ्या डोक्यात होता. बायका खाली अंगठा उठवायच्या आणि थोरले अरबाब प्रत्येक कागदावर आपला शिक्का मारायचे. मालक तेच, पैसा त्यांचा, यंत्र त्यांचं. पण त्यांनी एकही रीळ कधी ऐकलं नाही. एवढंच विचारायचे, "चांगलं झालं?" मी हो म्हटलं की समाधानाने मान हलवायचे. अशी सदतीस रिळं झाली.

आणि एवढी अट घालून मी स्वतःच ती मोडली.

पहिलं रीळ मुहर्रकच्या एका हज्जियाचं होतं. हजला जाऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईला तिकडे मानाने तसं म्हणतात. ही हज्जिया एकटी. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही, मूलबाळ नाही. तिच्या आवाजाला धार होती. समुद्राला ती जे बोलली होती ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. तिचं बोलणं संपता संपता यंत्र अडलं. ऑफिसचा मेकॅनिक सुट्टीवर. मी आपली ते सरळ घरी घेऊन आले, घरात इंजिनिअर असताना बाहेर कशाला शोधायचं म्हणून. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. नवऱ्याने यंत्र उघडलं, पट्टा बसवला आणि चालतं का बघायला बटण दाबलं. हज्जियाचा आवाज घरभर झाला. मी लाटणं हातात घेऊन धावत येईपर्यंत दोन मिनिटं तरी गेली असतील. तो स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच बसला होता. मी बटण बंद केलं आणि रीळ काढून घेतलं.

"अगं, मला एक अक्षर कळलं नाही," तो म्हणाला.

"न कळायला काय झालं? ऐकलंत ना!"

 गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण मग ती खोली खरंच स्टोअर झाली असती. तिसऱ्या दिवशी मी हज्जियाकडे गेले आणि शिक्षिकेला मध्ये घालून सगळं सांगितलं. हज्जियाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "ऐकताना तो काय करत होता?"

"हातातलं काम थांबवून बसला होता."

"हसला?"

"नाही."

"मग तो माझा भाऊ झाला," ती म्हणाली. "त्याला सांग, बहिणीचा आवाज आहे, सांभाळायचा." आणि तिने त्याच्यासाठी खजुराचा डबा दिला. माझ्याकडे बघून मात्र बोट उगारलं. "आणि तू बिन्ती, पुन्हा यंत्र घरी नेऊ नकोस." बिन्ती म्हणजे माझी पोर. आईसुद्धा मला इतक्या मायेने कधी रागावली नव्हती.

नवऱ्याने डबा घेतला, खजूर खाल्ले आणि वर म्हणाला, "म्हणजे तू तिची पोर आणि मी तिचा भाऊ. आपलं नातं काय झालं मग?" पण त्यानंतर दर ईदला हज्जियाला कापड पाठवायला तो विसरला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तेलाचे भाव पडले आणि त्याच सुमारास थोरले अरबाब गेले. मुलगा इंग्लंडहून शिकून आलेला. त्याने सगळा कारभार हातात घेतला आणि पहिल्या महिन्यात माझ्या खोलीवर काट मारली. दफ्तर बंद. कागद कुठल्याशा गोदामात, यंत्र विकायचं, माझी नोकरी महिनाअखेरीस खलास. यावर मी काहीच म्हणणार नव्हते. ज्याचा पैसा त्याने थांबवला, त्यात माझा हक्क कसला? वाईट वाटलं, खोलीत बसून रडलेही. पण भांडले नाही.

भांडण पुढे झालं. धाकटे अरबाब एक हॉटेल काढत होते. त्या हॉटेलात एक दालन करायचं, जुनी बोट, जाळी, कंदील मांडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना कॉफी पिताना जुनी गाणी ऐकवायची. पाणबुड्यांची रिळं मी आनंदाने दिली, त्यांची काही अट नव्हती. मग बायकांची मागितली. बायका समुद्राला खडसावतात ते रीळ तर खास हवं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार.

मी नाही म्हटलं. कागद दाखवले. धाकट्या अरबाबांनी ते न वाचताच बाजूला सारले.

"रीळ कंपनीचं आहे, यंत्र कंपनीचं, आणि तुझा पगारही कंपनीचाच होता," ते इंग्रजीत म्हणाले.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"आता जग बदललंय. माझी बहीण लंडनला शिकते. तू हिंदुस्थानातून येऊन आमच्या चालीरीती मला शिकवणार?"

हे मात्र मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. मी कोण? परक्या देशातली, परक्या धर्माची बाई. घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होते. मग लक्षात आलं की चालीरीतीचा प्रश्न नव्हताच. सदतीस बायकांना मी शब्द दिला होता आणि धाकट्या अरबाबांच्याच वडिलांनी त्यावर शिक्का मारला होता. दुसऱ्या दिवशी मी जाऊन तसं सांगितलं. "आपण एकेकीला विचारू. जी हो म्हणेल तिचं रीळ मी स्वतः आणून देते." ते म्हणाले, विचारायला वेळ नाही, पंधरा दिवसांत सगळी रिळं टेबलावर हवीत.

त्या शुक्रवारी सकाळी आमच्या ऑफिसचे मॅनेजर घरी आले. ते गिरगावचे. आम्ही बहारीनला उतरलो त्या दिवसापासून त्यांनी आम्हाला सांभाळलं होतं. घर शोधून दिलं, लेकीची शाळा बघून दिली, गणपतीला आम्ही त्यांच्याकडेच जेवायचो. ऑफिसात मी त्यांना साहेब म्हणायची आणि घरी भाऊजी. त्या दिवशी दारात उभे राहिले तेव्हा नेमके कोण म्हणून आलेत ते मला कळेना.

"वहिनी, चहा टाका," म्हणत ते बसले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "हट्ट सोडा. टेप्स देऊन टाका. त्या म्हाताऱ्या काय हॉटेलात जाणारेत का ऐकायला? कोणाला कळणार आहे?"

"भाऊजी, मला कळणार आहे ना."

"तुमची नोकरी तर जातेच आहे. पण यांची राहू शकते," त्यांनी नवऱ्याकडे हात केला. "यांचा व्हिसा त्याच कंपनीचा आहे. मी स्पष्ट बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. अरबाबने मला तसं सांगून पाठवलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तुम्ही साहेब म्हणून ऑफिसात बोलवायचं होतंत मला. भाऊजी म्हणून चहा प्यायला येऊन हे कसलं बोलणं?"

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचीही दोन मुलं तिथल्याच शाळेत होती, त्यांचाही व्हिसा तिथलाच. आज मला ते कळतं. त्या दिवशी कळूनही मी त्यांना दुसरा कप विचारला नाही.

ते गेल्यावर लेक खोलीतून बाहेर आली. तेव्हा ती अकरा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. "आई, व्हाय कान्ट यू जस्ट गिव्ह इट?" तिने विचारलं. तिला शाळा सोडायची नव्हती, मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या.  मी म्हटलं, "कारण ते माझं नाही." ती दार आपटून आत गेली.

मी नवऱ्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. तत्त्व माझं, आणि नोकरी त्याची जाणार होती. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पुण्यात जहाजं कुठे मिळणार दुरुस्तीला? मी म्हटलं, "अहो, तुम्ही सांगाल तसं करू." आयुष्यात हे वाक्य मी फार कमी वेळा म्हटलंय.

तो उठला, गाडीची किल्ली घेतली. "सदतीस घरं आहेत आणि दिवस चौदा. यल्ला, चल, यादी घे."

मग आम्ही हिंडलो. त्याची शिफ्ट संपली की निघायचो. तो गाडीत थांबायचा आणि मी आत जायची. प्रत्येकीला मी दोनच गोष्टी विचारायची: हॉटेलात वाजवायला देतेस की परत घेतेस? गोड बोलून कुणाला एका बाजूला वळवायचं नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. पाच जणी वारल्या होत्या, त्यांची रिळं मुलींच्या हातात दिली. एकीने ते ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं, तिच्या घरात ते वाजवायला यंत्रही नव्हतं. एकीने मला तासभर बसवून घेतलं आणि धाकट्या अरबाबांचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. शिव्या मला आता सगळ्या कळत होत्या.

आणि एक निघाली, गोल गरगरीत, हसरी म्हातारी. हॉटेल म्हटल्यावर तिचे डोळे लकाकले. "वाजवा, वाजवा! माझ्या नवऱ्याने जन्मभर माझं ऐकलं नाही, आता परके तरी ऐकू देत." मी तीनदा विचारलं. तिने तीनदा हो म्हटलं. नव्या कागदावर अंगठा घेतला आणि ते रीळ वेगळं ठेवलं. गाडीत येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला गाडी सुरू करता येईना.

रीळ परत घेणारी प्रत्येक बाई माझ्या रजिस्टरात अंगठा किंवा सही करत होती. राहिली फक्त हज्जिया. मुहर्रकमधल्या तिच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की तिच्या पुतण्याला हमद टाउनमध्ये सरकारी घर मिळालं, तो तिला तिकडे घेऊन गेला. हमद टाउनमध्ये कुठे? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही एक संध्याकाळ तिकडे घालवली. सगळी घरं सारखी, सगळे चौक गोल. एकाच चौकाला आम्ही चार प्रदक्षिणा घातल्या आणि हात हलवत परत आलो. मुदत संपली तेव्हा तिचं रीळ माझ्या पर्समध्ये होतं.

गुरुवारी दहा वाजता मी धाकट्या अरबाबांच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर बाजूला उभे होते. मी टेबलावर हसऱ्या म्हातारीचं रीळ ठेवलं, तिचा कागद ठेवला, आणि रजिस्टर उघडून समोर सारलं.

"बाकीची, ज्या ज्या भेटल्या त्यांना परत केली. ही त्यांची सही, हे अंगठे. आणि हा करार, तिसरी ओळ."

त्यांचा चेहरा लाल झाला. चोरी म्हणाले, पोलीस म्हणाले. मी म्हटलं, "बोलवा. मी इथेच बसते. त्यांना हेच कागद दाखवीन. प्रत्येकावर तुमच्या वडिलांचा शिक्का आहे."

तेव्हा कुठे त्यांनी कागद हातात घेतला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, संपलं. पण माणूस व्यापारी होता. रजिस्टरातली रिकामी ओळ त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

"हे एक परत केलेलं नाही."

"नाही. बाईचा पत्ता लागलेला नाही."

"कुठलं आहे हे?"

मी खोटं बोलले असते तर निभावलं असतं. पण खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही. "पहिलं. समुद्राला खडसावतात ते."

ते खुर्चीत मागे टेकले. आवाज एकदम मऊ झाला. "बाकी सगळं विसरतो. हे एक दे. ही बाई कुठे आहे तुला ठाऊक नाही, कदाचित ती नसेलही. हे एक दे, आणि तुझ्या नवऱ्याची नोकरी पक्की."

पर्स माझ्या मांडीवर होती. आत ते रीळ, वहाणेच्या खोक्याएवढंही नाही. मॅनेजर माझ्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होते. मी "नाही" म्हटलं, पण माझ्या कानांना ते फार बारीक ऐकू आलं.

मग त्यांनी वर्कशॉपातून माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला तो ग्रीसच्या हातांनी, कामाची डांगरी न उतरवताच. धाकट्या अरबाबांनी त्याला सगळं पुन्हा सांगितलं. एक रीळ आणि नोकरी. "तू समजूतदार माणूस आहेस. बायकोला सांग."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो इंग्रजीत म्हणाला, "सर, दॅट वन आय हॅव हर्ड. ती बाई मला भाऊ म्हणाली आहे." दहा वर्षांत त्याला अरबीचे शब्द आले होते मोजून चार. त्यातला एक त्याने तिथे काढला. "मफी."

नाही. मिळणार नाही. बाजारात टोमॅटो संपले की दुकानदार ज्या सुरात म्हणतो, अगदी त्याच सुरात.

महिन्याच्या आत दोघांचे व्हिसा कॅन्सल झाले. लेकीची शाळा वर्षाच्या मध्येच सुटली आणि ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मॅनेजर निरोप द्यायला आले नाहीत. त्यांची बायको आली, लेकीसाठी खाऊ घेऊन, आणि दारातच रडली.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा हमद टाउनला गेलो. या वेळी मी गाडीत बसून चौक मोजत बसले नाही. दिसेल त्या किराणा दुकानात शिरून मुहर्रकच्या एकट्या हज्जियाबद्दल विचारत गेले. पाचव्या दुकानात मल्याळी दुकानदार म्हणाला, रोज कोळशाचीच इस्त्री हवी म्हणून भांडणारी एक म्हातारी आहे. मी म्हटलं, तीच.

हज्जिया नव्या पांढऱ्या घरात, नव्या पांढऱ्या भिंतीला टेकून बसली होती. समुद्र तिथून लांब होता. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, "बरं झालं, त्याचं तोंड बघावं लागत नाही," म्हणाली. मी सगळं सांगितलं आणि रीळ तिच्यासमोर ठेवलं. तिने ते उचललं, उलटसुलट केलं आणि परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"माझा कागद काढ."

मी काढला. मुलीच्या नावाची जागा रिकामी होती. पहिल्या दिवशी ती रिकामी सोडताना मलाच अवघडल्यासारखं झालं होतं. हज्जियाने पुतण्याच्या बायकोला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचं नाव लिही तिथे."

दारातून निघताना तिने गाडीकडे बघितलं. आत माझा नवरा बसला होता. तिने हात वर केला. त्यानेही केला. दोघं एकमेकांना एवढंच भेटले.

त्यानंतर आम्ही पुण्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवऱ्याला एका कारखान्यात बॉयलरवर काम मिळालं. जहाज त्याने पुन्हा पाहिलं नाही आणि त्याबद्दल मला एकदाही ऐकवलं नाही. कधीकधी मला वाटायचं, ऐकवावं. हज्जियाचं रीळ मी दफ्तरातल्या पद्धतीने लाल कापडाच्या रुमालात बांधून कपाटात ठेवलं.

मध्यंतरी तिकडून एका संशोधक बाईंचं पत्र आलं. मी लिहिलं, तुम्ही बाई आहात, खुशाल या. त्या आल्या. जुन्या बाजारातून आणलेलं तसलंच एक यंत्र नवऱ्यानेच दुरुस्त केलं, गाण्याचं दुसरं रीळ लावून तपासलं आणि मग वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसला. त्याला परवानगी आहे, हे मी कितीदा सांगितलं असेल. त्या बाई ऐकता ऐकता रडल्या. मग त्यांनी संग्रहालयासाठी प्रत मागितली. संग्रहालयात पुरुषही येणार. मी नाही म्हटलं.

त्या चिडल्या. चिडणारच. "तुम्ही स्वतःला दफ्तरातल्या म्हणवता. तुम्ही गेल्यावर हे रद्दीत जाईल. मग कुणीच ऐकणार नाही, बायकासुद्धा."

हे खरं होतं आणि मला ते सुरीसारखं लागलं. मी जपलेल्या वस्तूला वारस नव्हता. तरी मी तेच उत्तर दिलं. पण त्या गेल्यावर रुमाल तसाच सोडलेला ठेवून मी कितीतरी वेळ बसून होते.

लेक तेव्हा माहेरी आली होती. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. दार आपटून आत गेली होती तीच ही. ती माझ्या शेजारी येऊन बसली, हज्जियाचा कागद हातात घेतला. अरबी तिला वाचता येत नाही, तरी खालच्या अंगठ्याकडे आणि त्या वरच्या नावाकडे बघत राहिली.

"हे तुझं नाव ना?" तिने चक्क मराठीत विचारलं.

मी मान हलवली.

तिने माझ्या नावाखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "आई," ती म्हणाली, "गिव्ह मी द पेन."